लोकवर्गणीतून मुलांचे पुस्तक : एक पैसाही सक्तीचा नको



आपल्या बीड जिल्ह्यात वर्गणी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. गावात सप्ताह बसला की कुणी गव्हाचं पोतं देतो, कुणी एका पंगतीचा खर्च उचलतो, तर कुणी नुसतंच वाढायला उभा राहतो. मग हीच रीत मुलांच्या कवितासंग्रहासाठी किंवा बालनाट्यासाठी का वापरू नये? यालाच आजकाल क्राउडफंडिंग म्हणतात. एका मोठ्या देणगीदाराऐवजी अनेकांनी थोडं थोडं देऊन काम उभं करायचं, इतकाच त्याचा अर्थ.

याची काही उदाहरणे पाहू.

1976 च्या ‘मंथन’ या श्याम बेनेगल यांच्या चित्रपटासाठी गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये दिले. किती झाले? हे गणित वर्गात जरूर घाला. उत्तर 10 लाख येतं. पुढे हेच शेतकरी ट्रक भरभरून चित्रपट पाहायला गेले. ज्याने पैसे दिले, तोच प्रेक्षक झाला.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढून भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि 23 खंड पूर्ण केले. 1974 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच सभासद करून घेतलं. दया पवार यांचं ‘बलुतं’ (1978) आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (1980) ही पुस्तकं याच वाचक चळवळीतून आली.

यातून तीन प्रकार दिसतात : देणगी, आगाऊ खरेदी आणि भागभांडवल. शाळेसाठी पहिले दोन पुरेसे आहेत.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते बघू.

1) आधी खर्च काढा. समजा, 200 प्रतींना 12,000 रुपये लागतात. म्हणजे एक प्रत 60 रुपयांना पडते. 120 जणांनी 100 रुपये देऊन आगाऊ प्रत घेतली, तर सगळा खर्च निघतो आणि 80 प्रती उरतात. त्या मुलांना मोफत द्या.

2) नमुना दाखवा. नुसतं ‘पुस्तक काढतोय’ म्हणून पैसे मागू नका. मुलांच्या चार कविता आणि दोन चित्रं हातात द्या.

3) पैसे कमी पडले तर काय, हे आधीच सांगा. 2009 मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या संकेतस्थळाचा नियमच आहे की ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाचेच पैसे घ्यायचे नाहीत. आपणही पैसे परत करू किंवा प्रती कमी छापू, हे ठरवून ठेवा.

4) शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, पावती द्या आणि शेवटी हिशेब फलकावर लावा.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना कोयता चालवून फेडायची असते. अशा घरातलं लेकरू वर्गणीच्या यादीकडे पाहून मान खाली घालत असेल, तर ते पुस्तक कितीही देखणं झालं तरी आपण हरलो. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही. इतर वेळीही आडून आडून सक्ती नकोच. म्हणून मुलांच्या हाती वर्गणीची वही देऊ नका. वर्गात कुणी किती दिले हे वाचू नका. पुस्तकात आभार मानताना नावं अकारविल्हे छापा, आकडे नकोत. पैसे न देता कविता निवडणारी, चित्रं काढणारी, मुद्रितं तपासणारी माणसंही त्याच यादीत येऊ द्या.

आणि एक लक्षात ठेवा, आगाऊ घेतलेले पैसे ही आपल्यावरची उचलच असते. ती वेळेत पुस्तक देऊनच फिटते. तारीख सांगितली की पाळा. उशीर होणार असेल तर स्वतःहून कळवा. एकदा विश्वास बसला की पुढच्या वर्षी गावच विचारतं, ‘गुरुजी, यंदाचं पुस्तक कवा?’

फडावर गेलेल्या मुलांच्या प्रती मात्र कपाटात जपून ठेवा. ती परत आली की आपली छापलेली कविता त्यांना पहिल्याच दिवशी दिसली पाहिजे.