योर्दा काय म्हणाली?

‘इको’ हा जपानी व्हिडिओ-खेळ आम्ही नुकताच संपवला. फुमितो उएदा यांनी २००१ साली तो प्लेस्टेशन-२ साठी घडवला. शिंगे उगवली म्हणून गावकऱ्यांनी एका मुलाला ओसाड किल्ल्यात कोंडले. तिथे पिंजऱ्यात त्याला योर्दा सापडते. दोघांची भाषा वेगळी. तिचे बोलणे अनोळखी चिन्हांत उमटते. बटण दाबून तिचा हात धरायचा. सोडला की काळ्या सावल्या तिला ओढून नेतात. आमचे बोट दुखले, पण सोडवेना.

आमच्याकडच्या युरोपीय आवृत्तीत दुसऱ्यांदा खेळताना तिच्या बोलण्याचा अर्थ पडद्यावर येतो. आम्ही थबकलोच. आमची आजी मराठीत बोले, आम्ही क्रिओलमध्ये उत्तर देत असू. योर्दा पहिल्या वेळीही हेच सांगत होती, आणि आम्ही नुसते दार शोधत पळत होतो.