शिदोरीतले पाणी

शिजवलेले अन्न किती काळ टिकेल हे त्यात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती पाणी सूक्ष्मजीवांना वापरता येण्याजोगे मोकळे आहे यावर ठरते. अन्नशास्त्रात या मोकळेपणाच्या मापाला जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता 1 धरली जाते आणि मीठ, साखर किंवा पिष्ट जसजसे पाणी बांधून ठेवते तसतसे हे माप खाली येते. ऑस्ट्रेलियातील संशोधक डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी 1950 च्या दशकात जीवाणूंची वाढ या मापाशी जोडून दाखवली. 0.91 च्या खाली अन्न नासवणारे बहुतेक जीवाणू थांबतात, बुरशी त्याहून बरीच खालपर्यंत तग धरते, आणि 0.60 च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. दिवसभर राबून घरी येणाऱ्या आईबापांनी आगाऊ काय करून ठेवावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या आकड्यांत आहे. उरलेले निम्मे, मोकळा वेळ कोणाकडे आणि केव्हा असतो, यात आहे.

या दुसऱ्या निम्म्यासाठी कोपरगावचा गाळप हंगाम पाहण्यासारखा आहे. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी पर्जन्यछायेतल्या या तालुक्यात ऊस रुजवला, उसामागून कारखाने आले, आणि दिवाळी सरली की कोळपेवाडी व सहजानंदनगर येथील सहकारी कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीच्या श्रमातून फिटते, आणि उजाडण्याआधी फड गाठायचा असल्याने बाईचा दिवस अंधारातच चुलीपुढे सुरू होतो. तेव्हा थापलेल्या भाकरी दुपारी फडात आणि कित्येकदा रात्रीही खाल्ल्या जातात, सोबत शेंगदाण्याची चटणी, खर्डा, कांदा. आठवड्याचा स्वयंपाक रविवारी उरकून ठेवावा, हा शहरी सल्ला येथे कुचकामी ठरतो, कारण तो रविवार आणि फ्रीज दोन्ही गृहीत धरतो.

भाकरी दुपारपर्यंत कडक का होते, याचे सहज सुचणारे कारण म्हणजे ती वाळते; पण ते अपुरे आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी 1852 मध्ये पावावर प्रयोग करून दाखवले की पाणी अजिबात न गमावताही पाव शिळा होतो आणि पुन्हा गरम केला की मऊ पडतो. तव्यावर शिजताना पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांची रचना विस्कटते, थंड होताना त्यांच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून स्फटिक बनवतात, आणि हे स्फटिक साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास बऱ्याच अंशी वितळतात. स्फटिक बनण्याची ही क्रिया गोठणबिंदूच्या थोडे वर, म्हणजे नेमकी फ्रीजमधल्या तापमानाला, सर्वांत वेगाने घडते. त्यामुळे एका दिवसात संपणारी भाकरी फ्रीजमध्ये ठेवण्यापेक्षा फडक्यात गुंडाळून ठेवणे शास्त्राला अधिक धरून आहे. सोलापूरकडची कडक भाकरी हा याच प्रश्नाचा दुसऱ्या टोकाचा तोडगा होय: पातळ थापून पाणीच इतके घालवायचे की बुरशीला थारा उरू नये.

भाकरीचे पीठ मात्र आगाऊ दळून ठेवण्याची वस्तू नव्हे. बाजरीत सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो आणि दाणा फुटताच त्यातील लायपेज हे विकर, म्हणजे चरबीचे विघटन करणारे प्रथिन, त्या स्निग्धांशाला भिडते. मोकळी झालेली मेदाम्ले पिठाला कडवट करतात. थोडे थोडे दळण आणण्याची रीत काटकसरीपोटी आलेली दिसते, पण तिला रसायनशास्त्राचाही भक्कम आधार आहे.

भाजलेल्या पिठाची गोष्ट वेगळी, आणि नगर-बीड पट्ट्यातला येसर हे त्याचे सर्वांत हुशार उदाहरण आहे. गहू, बाजरी किंवा ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, सुके खोबरे आणि गरम मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळले की येसर तयार होतो. पाण्यात कालवून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडला की थोड्या वेळात दाट आमटी होते, आणि तीत भाकरी कुस्करली की जेवण झाले. भाजण्याने येथे एकाच वेळी अनेक कामे साधतात. दाण्यातील उरलेसुरले पाणी निघून जाते, लायपेजसारखी विकरे उष्णतेने निकामी होतात, पिष्टाच्या काही साखळ्या तुटून पीठ पाण्यात सहज मिसळते, आणि शर्करा व अमिनो आम्ले यांच्यातील मायार अभिक्रियेमुळे तो खमंग वास येतो, ज्याचा उलगडा लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये सुरू केला. धान्यात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल डाळीतून मिळते, हा वरचा लाभ. भाजताना त्यातले थोडे मायार अभिक्रियेत खर्ची पडते, पण सौदा तरीही फायद्याचा आहे. पाकिटबंद झटपट सुपांच्या किमती पाहता येसराची कोणी जाहिरात करत नाही याचे नवल वाटते.

शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीलाही भाजून टिकवण्याचे हेच तत्त्व लागू पडते, पण तिच्यात एक धोका आहे. ओल लागलेल्या दाण्यांवर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये दूषित शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचा छडा लागला. भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही, म्हणून सुरकुतलेले, काळपट दाणे भाजण्यापूर्वीच निवडून टाकावे लागतात. ओला खर्डा चटणीइतका टिकाऊ समजू नये; त्यातल्या तेलाखाली झाकलेल्या कच्च्या लसणाला हवा मिळत नाही आणि बोट्युलिझमचे जीवाणू नेमके हवेवाचून वाढतात.

सर्वांत फसवा पदार्थ भात. तांदळावर बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपे, असतात. ते उकळूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की जागे होतात, आणि त्यांनी सोडलेले उलटीकारक विष पुन्हा उकळी दिल्यानेही जात नाही. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा पट्टा जीवाणूंना मानवतो. म्हणून रात्री उरलेला भात पातेल्यात झाकून न ठेवता परातीत पसरून लवकर गार करावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. कोपीत ही सोय नसल्याने तेथे भात लागेल तेवढाच शिजवणे बरे. वरण आणि दूध यांचीही गत तीच.

गाळप साधारण मार्च-एप्रिलमध्ये आटोपते, तेव्हा गावी परतलेल्या कुटुंबांसाठी वाळवणाचा काळ सुरू झालेला असतो. दुपारच्या कोरड्या हवेत बाष्प इतके कमी असते की सांडगे, कुरडया आणि गवारीच्या शेंगा यांतील पाणी इंधनावाचून निघून जाते, मात्र क जीवनसत्त्वही बरेचसे जाते. हा साठा वर्षभराचे श्रम कमी करत नाही, ते उन्हाळ्यात हलवतो, आणि हे हलवणे आजही बहुतांशी बाईच्याच अंगावर पडते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली की उघड्या बरणीतील पदार्थाची जलक्रियताही 0.80 कडे सरकू लागते. गुळात तर ग्लुकोज व फ्रुक्टोज असल्याने तो हवेतले पाणी ओढून पाझरतो. त्यामुळे येसर आणि चटणी एका मोठ्या बरणीत न भरता अनेक लहान, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून एकावेळी एकच डबा उघडणे आणि त्यात कोरडाच चमचा घालणे, एवढे पथ्य पाळले तर हा साठा पावसाळ्यातही टिकू शकतो.