खुलासा मागणारा कोण?

(मंचर येथे ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

तत्त्वज्ञानाचा माणूस ई-मेलवर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. एका गोष्टीपासून सुरुवात करतो, म्हणजे संबंध आपोआप लक्षात येईल.

माझ्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. जुन्नर तालुक्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. 'गोष्ट सांगा, नाव सांगू नका' अशी त्यांची परवानगी आहे. गावच्या यात्रा कमिटीचा हिशेब गेली बारा वर्षं त्यांच्याकडे. वर्गणी, मांडव, बैलगाड्यांच्या शर्यतीची बक्षिसं, सगळं. तमाशाची सुपारी द्यायला पाडव्याच्या सुमाराला नारायणगावच्या राहुट्यांवर जायचं, तेही गुरुजींनीच. यंदा यात्रा झाली आणि आठ दिवसांनी त्यांच्या फोनवर एक ई-मेल आली. वर सरकारी वाटेल असं बोधचिन्ह. मजकूर थोडक्यात असा: तुमच्याकडील खात्यातून १,८६,५०० रुपये काढले गेल्याचे निदर्शनास आले आहे, २४ तासांत खुलासा करावा, अन्यथा गुन्हा दाखल होईल, प्रकरण गोपनीय आहे, कोणाशी चर्चा करू नये. खाली एका 'अधिकाऱ्या'चा मोबाईल नंबर.

गुरुजींनी एक पैसा खाल्लेला नव्हता. तरी त्यांना घाम फुटला. का? तर यात्रेसाठी पैसे काढलेले होते, हे खरं होतं. आकडा जुळत नव्हता, पण चार-पाच पावत्या मिळत नव्हत्या, हेही खरं होतं. दोन दिवस ते जेवले नाहीत आणि घरात बोलले नाहीत. शेवटी त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता म्हणे. 'गुरुजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण पडताळणीसाठी ६०,००० रुपये भरावे लागतील, ते परत मिळतील.' गुरुजींनी पेन्शनमधून भरले. दुसऱ्या दिवशी आणखी ४०,००० मागितले, तेव्हा त्यांनी मुलाला सांगितलं.

आता लोक काय म्हणतात? 'शिकलेला माणूस, एवढं कळलं नाही?' मला हे वाक्य आवडत नाही. गुरुजींची बुद्धी कमी पडली नाही. त्यांचा प्रामाणिकपणाच त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. ज्याला हिशेबाची चाड नाही, त्याला अशी ई-मेल आली तर तो हसून पुसून टाकेल. घाबरतो तो हिशेब ठेवणारा.

म्हणून आधी त्या प्रश्नाची रचना बघू. 'पैसे का घेतलेत, खुलासा करा.' यात दोन गोष्टी आहेत. एक विधान आहे, की तुम्ही पैसे घेतलेत. आणि एक प्रश्न आहे, की का घेतलेत. विधान गुपचूप आत सरकवलेलं आहे, आणि आपण धावत सुटतो प्रश्नाच्या मागे. 'का' याचं उत्तर द्यायला बसलात, की 'घेतले' हे तुम्ही न बोलता मान्य केलंत. तर्कशास्त्राच्या वर्गात मी मुलांना विचारायचो, 'तू कॉपी करणं कधी सोडलंस?' काहीही उत्तर दिलं तरी पोरगा फसला! अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. त्याच्या आत दडलेलं विधान बाहेर काढायचं आणि म्हणायचं, 'हे आधी सिद्ध करा.' जो आरोप करतो, पुरावा त्याने द्यायचा.

दुसरा मुद्दा. आपल्याकडच्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणारं ज्ञान. आपलं बहुतेक ज्ञान असंच असतं. मी अंटार्क्टिका पाहिलेला नाही, तरी तो आहे हे मानतो. पण नैयायिक तिथे अट घालतात: सांगणारा 'आप्त' पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट खरोखर माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो कोणत्या जातीचा, कोणत्या देशाचा, याला महत्त्व नाही. त्याच्या अंगावर कोणता गणवेश आहे, यालाही नाही.

ई-मेलची गंमत इथेच आहे. बोधचिन्ह, जावक क्रमांक, शिक्का, इंग्रजी कलमं, हा सगळा आप्ताचा वेष आहे. वेष कोणालाही चढवता येतो.

माणूसच यात फसतो असं नाही, यंत्रही फसतं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवा. ऑगस्ट २०१८. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं: हे कार्ड खरं आहे का, पैसे देऊ का? चोरांनी मध्येच एक खोटी यंत्रणा उभी केली आणि बँकेऐवजी तीच 'हो, द्या' म्हणून सांगू लागली. ११ ऑगस्टला काही तासांत बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण ९४ कोटींहून जास्त. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली. एटीएमने काय चूक केली? उत्तर ऐकलं, पण उत्तर देणारा कोण हे त्याला ओळखता आलं नाही. गुरुजींचंही तेच झालं.

मग करायचं काय? न्यायदर्शनात 'संशय' हा एक स्वतंत्र पदार्थ मानला आहे. संशय हा दोष नाही, तो निर्णयाकडे जायचा रस्ता आहे. पण रस्त्यातच बसून राहायचं नाही. पायऱ्या सांगतो, लिहून घ्या.

पहिली. थांबा. उत्तर पाठवू नका, लिंक दाबू नका, जोडलेली फाईल उघडू नका, ई-मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करू नका. साक्षीदाराची चौकशी त्याच साक्षीदाराकडे करून चालत नाही.

दुसरी. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून बघा. वर दिसणारं नाव काहीही लिहिता येतं. पत्त्याचा शेवट बघा. सरकारी पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' यावर संपतो. मध्ये कुठेतरी ही अक्षरं असून उपयोग नाही, शेवटी पाहिजेत. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' हा शेवट ठरवून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. मात्र पत्ता चुकीचा असला तर ई-मेल खोटी समजा. बरोबर दिसला म्हणून लगेच खरी समजू नका, कारण पत्त्याचीही नक्कल करता येते.

तिसरी. वेगळ्या वाटेने खात्री करा. पासबुक भरून आणा. शाखेत जा. आयकर खात्याची नोटीस म्हणत असेल, तर १ ऑक्टोबर २०१९ पासून त्या खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक आयकराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पण संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाईप करायचा, ई-मेलमधल्या लिंकवरून जायचं नाही.

चौथी. पोलिसांचं नाव असेल तर हे लक्षात ठेवा. आरोपीला हजर राहण्याची जी नोटीस असते, ती व्हॉट्सअॅपवर किंवा तशा इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल, तर ६० वर्षांवरच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला राहत्या ठिकाणाहून दुसरीकडे येण्याची सक्ती करता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १७९ वं कलम. आणि 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच.

पाचवी. पैसे गेलेच असतील, तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात, म्हणून इथे तासाला किंमत आहे. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार करा आणि बँकेला लेखी द्या, पोच घ्या. तुमची चूक नसताना बाहेरच्या कोणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणजे दोन्हीकडून एकच निष्कर्ष निघतो: लवकर कळवा. आणि ई-मेल पुसू नका, तो पुरावा आहे.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, पण नोटीस खरी असली तर?)

फार चांगला प्रश्न. सगळंच खोटं मानणं हाही आळसच आहे. उदाहरण घ्या. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळतात, पण आयकर भरणारा शेतकरी त्याला पात्र नाही. अशा अनेकांनी हप्ते घेतले आणि पुढे त्यांना वसुलीच्या खऱ्या नोटिसा आल्या. म्हणजे 'घेतलेल्या पैशांचा खुलासा करा' हे कधी कधी खरंही असतं. मग ई-मेलची छापील प्रत घ्या आणि तहसील कार्यालयात जा. आंबेगाववाल्यांनी घोडेगावला, जुन्नरवाल्यांनी जुन्नरला. देणं खरं निघालं तर सांगितलेल्या सरकारी पद्धतीने भरा आणि पावती घ्या. खरी नोटीस चौकशीला घाबरत नाही, तुम्ही दहा जणांना विचारलंत तरी ती खरीच राहते. 'कोणाला सांगू नका' ही अट खोट्यालाच लागते. माझ्या मते सगळ्यात मोठी खूण हीच.

आता शेवटचं. नाणेघाट तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. यज्ञ केले, तेव्हा किती गायी दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, ते आकड्यांसकट खडकात कोरलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब, तोही घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर! जुन्नरच्या इतर लेण्यांतही कोणी काय दान दिलं ते असंच लिहिलेलं आहे. हिशेबाची जागा उघड्यावर असते, हे आपल्या मुलखातल्या दगडांनाही माहीत आहे.

गुरुजींचं पुढे काय झालं? तिसऱ्या दिवशी मुलाने १९३० ला फोन केला. थोडी रक्कम अडकवता आली, बाकीची गेली. ती अजून मिळालेली नाही, मिळेल असं मी खोटं सांगणार नाही. पण पुढच्या बैठकीत गुरुजी उभे राहिले. झालेला प्रकार सांगितला आणि यात्रेचा सगळा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. हरवलेल्या चार पावत्यांसकट. मांडववाला तिथेच बसला होता, तो म्हणाला, 'गुरुजी, माझी पावती मी उद्या परत लिहून देतो.' दुसरा एक जण हळूच म्हणाला, 'मला पण अशीच ई-मेल आली होती. मी पण कोणाला बोललो नाही.'

दोन दिवस गुरुजी ज्या भीतीने जेवले नव्हते, ती भीती बैठकीत पाच मिनिटांत संपली. ही पाच मिनिटं पहिल्याच दिवशी घालवली असती, तर साठ हजार वाचले असते. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला, ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाला सांगून ठेवा: 'मला असं काही आलं तर मी आधी तुला दाखवणार.' आणि त्यांना काही आलं, तर तुम्ही हसू नका.