हातमाग शिकायचा, तर हात मागावर बसला पाहिजे



भाताची सोंगणी झाली, खळं उरकलं, तांदूळ गिरणीतून घरी आला, की आपल्या घोटी परिसरातल्या बऱ्याच घरांत एकच प्रश्न उभा राहतो. पुढच्या आवणीपर्यंत काय? ज्यांच्याकडं पाणी आहे ते गहू, हरभरा, भाजीपाला करतात. बाकीचे द्राक्षबागांत मजुरीला जातात, नाहीतर गोंदे-वाडीवऱ्ह्याच्या कारखान्यांत काम शोधतात. घरी राहणाऱ्या बायाबापड्यांच्या हाताला मात्र काम नसतं.

म्हणूनच गावोगाव फिरताना बचत गटातल्या ताई विचारतात, "साहेब, पैठणीचं विणकाम शिकायचं म्हणतो. माग घेतला तर धंदा चालंल का?" प्रश्न रास्त आहे. पण माग घेण्याआधी शिकणं आहे, आणि कसं शिकायचं यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

येवल्याचा धडा

येवला आपल्याच जिल्ह्यात, पण दुसऱ्या टोकाला. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तर येवल्याला ५०० च्या आसपास. पैठणीची कला मूळ पैठणची. येवल्यात ती रुजली आणि वाढली. पूर्वी हे काम मुख्यतः विणकर समाजांच्या घरांत चाले. पुढं येवल्याभोवतीच्या नागडे, बल्हेगाव अशा खेड्यांतही माग पोचले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांगर होता, त्यांची मुलंही मागावर बसली. पावसाचा भरवसा नाही तिथं मागानं घराला हातभार लावला. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं.

ही मुलं शिकली ती फळ्यासमोर बसून नव्हे, जाणत्या विणकराच्या शेजारी बसून. आधी रेशीम उकलायचं, कांड्या भरायच्या. मग तुटलेला धागा सांधायचा. नवा ताणा मागावर चढवताना जुन्या ताण्याचं एकेक टोक नव्या टोकाला पिळून जोडावं लागतं, आणि अशी टोकं हजारांत असतात. त्यानंतर साधं अंग विणायचं. काठ आणि पदर सगळ्यात शेवटी.

पदरावरचा मोर, मुनिया, असावली ही नक्षी अस्सल कामात हातानं भरतात. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. जिथं एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथं दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत फिरवायचे. म्हणून अशी पैठणी उलटी केली तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या नकलेत बहुधा मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात. साध्या काठपदराची साडी काही दिवसांत उतरते, अंगभर काम असेल तर महिनेच्या महिने जातात.

आता सांगा, धाग्याला ताण किती द्यायचा, फणी किती जोरानं ठोकायची, हे भाषण ऐकून कळेल का? धारेला बसल्याशिवाय धार काढता येत नाही, तसंच हे आहे. धागा शंभरदा तुटेल आणि शंभरदा सांधाल, तेव्हा बोटं शिकतील.

वर्गात नाव घालण्याआधी

म्हणून कुठल्याही वर्गाला नाव देण्याआधी पुढच्या गोष्टी विचारून घ्या. विचारायला लाजू नका.

१) माग किती आणि शिकणारे किती? तीस जणांत दोन माग असतील, तर तुमच्या वाट्याला दिवसाला अर्धा तासही येणार नाही. एका मागावर दोघं-तिघं इथवर ठीक.

२) शिकवणारा स्वतः विणतो का? त्यानं विणलेलं कापड हातात घेऊन, उलटून पाहा.

३) रेशीम कोण देणार? शिकताना माल वाया जातोच. त्याचा खर्च कोणाच्या माथी, हे आधी ठरू द्या.

४) वर्ग संपल्यावर किमान एक साडी, निदान एक पदर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या हातून झालेला असेल का? नुसत्या प्रमाणपत्रानं चूल पेटत नाही.

५) पुढं माल कोण घेणार? येवल्यात दोन्ही रीती आहेत. काही विणकर व्यापाऱ्याकडून रेशीम-जर घेऊन मजुरीवर विणतात, काही स्वतःच्या भांडवलावर विणून विकतात. नवशिक्यानं पहिली रीत धरावी. कमाई कमी, पण जोखीमही कमी.

आणि हे पक्कं ध्यानात ठेवा, की शिकण्याआधी माग घेऊ नका. कर्ज काढून तर नाहीच. वर्ग सुरू होण्याआधीच "माग आमच्याकडूनच घ्या, साड्या आम्हीच परत घेऊ" असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. आधी त्याच्याकडून माग घेतलेल्या चार घरांत जाऊन चौकशी करा.

आपल्या पावसाचं काय?

येवल्याची रीत इथं जशीच्या तशी लागू पडणार नाही. तिकडं बरेच माग खड्ड्यावर असतात. विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर. आपल्याकडं आषाढात घराच्या जमिनीतूनच पाणी उपळतं. तेव्हा आपल्याला जमिनीवर उभा राहणारा, लाकडी किंवा लोखंडी चौकटीचा माग बरा. खोली पक्क्या जोत्याची, गळती नसलेली आणि भरपूर उजेडाची हवी. दमट हवेत रेशमाला बुरशीचं भय, शिवाय उंदीर आहेतच.

दुसरं म्हणजे आवणीच्या दिवसांत माग बंद राहणार. म्हणून दिवाळीनंतर शिकायला सुरुवात करावी, आणि जमल्यास एकाच घरातल्या दोघांनी शिकावं. एक शेतात असला तर दुसऱ्याचा हात मागावर राहतो. घोटीहून येवल्याला रोज जाऊन-येऊन शिकणं कठीण. राहण्याची सोय झाली तरच तिकडचा विचार करा.

बांधावरचा धागा

पण धाग्याचं काम म्हणजे पैठणीच असं कुणी सांगितलं? आपल्या बांधावरही धागा उगवतो. अंबाडी आणि घायपात. पूर्वी पोळ्याच्या आधी घरोघर नवं दावं, कासरा, वेसण वळली जायची. नायलॉन आलं आणि हे थांबलं. आज दोर वळता येणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची आहेत. ती गेली की शिकवायला कोणी उरणार नाही.

हा वर्ग बिनखर्ची आहे. अंबाडी फुलावर आली की कापून पेंढ्या बांधायच्या. पाण्यात बुडवून वर दगड ठेवायचे. दहा-पंधरा दिवसांत साल सुटते, मग सोलून, धुऊन वाळवायची. मात्र पिण्याच्या विहिरीत किंवा जनावरांच्या पाणवठ्यावर अंबाडी भिजवू नका, पाणी सडतं. घायपाताचं पान ठेचून, खरवडून वाख काढतात. त्याचा रस अंगाला खाजतो, म्हणून हाताला तेल लावा किंवा मोजे घाला. दोर वळताना प्रत्येक पदराला एका बाजूनं पीळ द्यायचा आणि पदर एकत्र करताना उलट्या बाजूनं. दोन पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोर उलगडत नाही. ज्याच्या हाताला हा पीळ कळला, त्याला पुढं मागावरचा ताणही लवकर कळेल.

नुसत्या दाव्याला आज भाव नाही, हे मान्य. पण शिंकी, पिशव्या, पायपुसणी अशा वस्तू गटानं केल्या तर मुंबई-आग्रा महामार्गावरचं गिऱ्हाईक आपल्या दारावरून जातं. आधी पंचवीस वस्तू करून विकून पाहा, मग वाढवा.

ग्रामसेवक, सरपंच मंडळींसाठी

योजनांची माहिती देताना नीट सांगा. जिल्ह्यातली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत वर्ग घेते, निवासी वर्गात जेवण-राहणंही असतं. पुरेशा संख्येनं मागणी आली तर विषयाचा विचार होतो, म्हणून गटांची नावं एकत्र पाठवा. केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू करणारे व काथ्याचं विणकाम करणारे, मासेमारीची जाळी विणणारे आणि शिंपी आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण ती आधीपासून हातानं तो धंदा करणाऱ्यांसाठी आहे, आणि पैठणीचा विणकर त्या यादीत नाही. लोकांना चुकीची आशा लावू नका.

तुमच्या हातात एक गोष्ट आजच आहे. गावातल्या दोर वळणाऱ्या आजोबांना, गोधडी शिवणाऱ्या आजींना समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओसरीवर आठवड्यातून दोन दुपारी बोलवा. त्यांना मानधन द्या, फुकट राबवू नका. समोर आठ-दहा जणच बसवा, आणि प्रत्येकाच्या हातात वाख किंवा सुई द्या. सत्कार, भाषणं नकोत. चार आठवड्यांनी ज्यांचे हात टिकतील, त्यांचीच नावं पुढच्या मोठ्या वर्गाला पाठवा. सरकारी पैसाही वाचेल आणि शिकणाऱ्याचा हंगामही वाया जाणार नाही.

अंबाडीचं बी खरिपात भाताच्या बांधावर पडतं. यंदा कोणाच्या घरी जुनं बी शिल्लक आहे, ते मात्र आताच विचारून ठेवा.