वाइल कण: 2015 मध्ये काय सापडलं, काय नाही

हरमान वाइल यांनी 1929 मध्ये वस्तुमान नसलेल्या कणाचं समीकरण मांडलं. 2015 मध्ये प्रिन्स्टन आणि बीजिंगच्या गटांनी टँटलम आर्सेनाइडच्या स्फटिकात तसा कण आढळल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून, आठ दशकं हुलकावणी देणारा मूलकण अखेर हाती लागला, अशी समजूत ठाण मांडून बसली आहे. ती चूक आहे. मूलकणांच्या यादीत एकाचीही भर पडलेली नाही. न्यूट्रिनो हा वाइल कण असावा असं पूर्वी वाटे. 1998 मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगातून त्याला वस्तुमान असल्याचं दिसलं आणि ती आशा मावळली. स्फटिकात असतात ते नेहमीचेच इलेक्ट्रॉन. मात्र अणूंच्या जाळीत त्यांची ऊर्जा आणि संवेग यांचं नातं बदलतं. टँटलम आर्सेनाइडमध्ये दोन ऊर्जापट्टे एकमेकांना 24 ‘वाइल बिंदूं’त भेटतात आणि त्या बिंदूंजवळ इलेक्ट्रॉनांची सामूहिक हालचाल वाइल यांचं समीकरण पाळते. वेग मात्र प्रकाशाच्या शेकडो पटींनी कमी.

अशा पदार्थांना टोपोलॉजिकल अर्धधातू म्हणतात, म्हणून ते वीजही अर्धीमुर्धीच वाहून नेत असतील असं वाटतं. बिस्मथ हा जुना, नमुनेदार अर्धधातू. त्याच्यात साधारण एक लाख अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. संख्या कमी खरी, पण चपळाई अफाट. टोपोलॉजिकल अर्धधातूंपैकीच असलेल्या कॅडमियम आर्सेनाइडमध्ये 5 केल्विनला इलेक्ट्रॉनांची गतिशीलता 90 लाख चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद इतकी मोजली गेली आहे. नेहमीच्या तापमानाच्या सिलिकॉनमध्ये ती सुमारे 1,400 असते.

‘टोपोलॉजिकल’ या विशेषणाने आणखी घोळ होतो. 2016 च्या भौतिकीच्या नोबेलच्या वेळी समितीतल्या थोर्स हान्स हान्सन यांनी टोपोलॉजीत भोकं मोजतात हे समजावायला पत्रकारांना बन, बेगल आणि प्रेट्झेल दाखवले. आपल्याकडे मेदुवडा चालला असता. पण भोक स्फटिकाला नसतं. इथे मोजायचं असतं ते संवेगाच्या अवकाशात इलेक्ट्रॉनांच्या तरंगफलनांना पडणारं वळण. स्फटिक कसाही कापा, त्यात फरक पडत नाही. अविनाशी मात्र काहीच नाही. या वळणाची विरुद्ध चिन्हं असलेले दोन वाइल बिंदू एकमेकांना भिडले की दोन्ही नाहीसे होऊ शकतात.

सगळ्यात चिवट गैरसमज चित्रांबद्दलचा. इलेक्ट्रॉनांची रचना तपासायचं मुख्य तंत्र म्हणजे आर्पेस. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही ते वापरतात. निर्वात कक्षातच स्फटिक फोडायचा, ताज्या पृष्ठावर अतिनील किंवा क्ष-किरण टाकायचे आणि बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व कोन मोजायचे. यातून येणारी रंगीत चित्रं छायाचित्रांसारखी वाटतात. ती तशी नाहीत. पृष्ठालगतच्या दिशेतला संवेग कोनावरून थेट मिळतो, पृष्ठाला लंब असलेला नाही. तो किरणांची ऊर्जा बदलत नेऊन काढावा लागतो. इलेक्ट्रॉन येतात ते वरच्या मोजक्या थरांतून. खोलवरचं पाहायला मृदू क्ष-किरण बरे पडतात. रिकाम्या अवस्था तर दिसतच नाहीत. पृष्ठावरचे तुटक ‘फर्मी कंस’ ही वाइल बिंदूंची खूण खरी, पण पृष्ठावरच्या अगदी साध्या अवस्थाही तशाच भासू शकतात. टँटलम आर्सेनाइडचा दावा टिकला, कारण सैद्धांतिक गणिताचं भाकीत आधीच झालेलं होतं आणि पुढे पृष्ठावरचे कंस व आतल्या वाइल बिंदूंजवळ ऊर्जापट्ट्यांचे होणारे शंकू दोन्ही त्याच्याशी जुळले.

विद्युतरोधावरून केलेले दावे याहून निसरडे. प्रवाहाला समांतर चुंबकीय क्षेत्र लावल्यावर रोध घटला की वाइल कणांचा पुरावा मिळाला, असं झटकन म्हटलं जाई. 2016 मध्ये टँटलम फॉस्फाइडवरच्या मोजमापांनी दाखवलं की प्रवाह स्फटिकात एकसारखा न पसरता चिंचोळ्या पट्ट्यात एकवटला, तरी तारा कुठे जोडल्या आहेत त्यानुसार तशीच घट दिसू शकते.

म्हणून नव्या टोपोलॉजिकल अर्धधातूची बातमी वाचाल तेव्हा दोन गोष्टी शोधा: भाकीत मोजणीच्या आधीचं आहे का, आणि आतले बिंदू दिसले आहेत की फक्त पृष्ठ.