फेस कुठे जातो?

घरातलं रसायन : लेखांक ६

गेल्या आठवड्यात साबण पाहिला. आता शाम्पूची बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायची. पाण्यानंतर बहुधा पहिलंच नाव येतं ते सोडियम लॉरेथ सल्फेटचं. टूथपेस्टमध्ये त्याचा जवळचा नातलग असतो, सोडियम लॉरिल सल्फेट.

दोन्हींची सुरुवात बऱ्याचदा नारळाच्या किंवा पाम बियांच्या तेलातून होते. बहुतेकदा बारा कार्बन अणूंची सरळ शेपटी तेलात शिरते, सल्फेटचं डोकं पाण्याला धरून राहतं आणि मळ सुटून वाहून जातो. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, तसा यांचा सहसा होत नाही. मुंबईकरांना ही रसायनं परकी नाहीत. गॅलॅक्सी सर्फॅक्टंट्स ही नवी मुंबईची कंपनी तारापूर आणि तळोज्याच्या कारखान्यांत ती तयार करते.

फेस मात्र मळ काढत नाही. ती नुसती कोंडलेली हवा. तेलकट केसांवर पहिल्या हाताला फेस येत नाही, कारण तेलच तो मोडतं. म्हणून आणखी शाम्पू ओतायची गरज नसते.

लॉरिल सल्फेटने कर्करोग होतो, ही अफवा निराधार आहे. त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, हे मात्र खरं. त्वचेचा दाह अभ्यासताना संशोधक मुद्दाम हेच रसायन वापरतात. लॉरेथ त्यापेक्षा सौम्य.

न्हाणीतून पुढे हे शाम्पूचं पाणी कुठे जातं, ते मुंबईतल्या आरे कॉलनीत पाहावं. शहरातल्या म्हशींचे तबेले हलवण्यासाठी १९४९ साली ही दुग्ध वसाहत उभी राहिली. वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे त्याआधीपासून इथे आहेत. ओशिवरा नदी इथल्याच टेकड्यांत उगम पावते आणि विहार तलावाकडून येणारी मिठीही आरेतूनच पुढे जाते. नदीच्या उगमाशी वापरलेलं पाणी खालच्या वस्त्यांतून वाहणार असतं.

सल्फेटच्या सरळ शेपट्या जिवाणू झपाट्याने खातात. १९५० च्या दशकात युरोपच्या नद्यांवर फेसाचे डोंगर साचत, कारण तेव्हाच्या डिटर्जंटांच्या शेपट्यांना फांद्या होत्या आणि त्या जिवाणूंना सहज तोडता येत नसत. पश्चिम जर्मनीने १९६१ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि उद्योग सरळ शेपट्यांकडे वळला.

पण जिवाणूंना प्राणवायू लागतो. तबेल्यांचं शेण-मूत्र नाल्यात आलं की तो प्राणवायू तेच संपवतं, रसायन मोडायचा वेग मंदावतो आणि माशांच्या कल्ल्यांना इजा व्हायची भीती वाढते. शाम्पूऐवजी रिठा वापरला म्हणून ही भीती टळत नाही. त्यातलं सॅपोनिनही माशांना घातकच. पाड्यांवरच्या आंघोळीच्या पाण्याला दोष देण्याआधी तबेल्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया व्हायला हवी. शेणाचा गोबरगॅस होतो, खत होतं. त्याला नदीत वाट करून देण्याचं काहीच कारण नाही.