चिकट पारदर्शक कागद : कुठे लावायचा, कुठे नाही

ताई-मावशींनो, जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की स्टेशनरीच्या दुकानात पुस्तकांना कव्हर घालायचा पारदर्शक रोल मिळतो. मागचा कागद सोलला की तो चिकटतो. कुणी त्याला स्टिकर रोल म्हणतं, कुणी चिकट प्लास्टिक. मुलांची पुस्तकं झाली की उरलेला रोल कपाटावर पडून राहतो. तो खाली काढा, कारण आपल्या गटात आधी लेबलं आणि वह्यांसाठी तो लागणार आहे. शोभेचं नंतर बघू.

उन्हाळ्यात आपण बिबडे, उडदाचे पापड, कुरडया करतो. माल चांगला असतो, पण पाकिटावरचं हाताने लिहिलेलं लेबल तेलकट किंवा ओल्या हाताने पुसलं जातं. तारीख वाचता आली नाही की गिऱ्हाईक माल जुना आहे का, असंच विचारतं. मग भाव पाडून मागतं. यावर सोपा उपाय आहे. साध्या कागदावर लेबल लिहा किंवा झेरॉक्स काढा. त्यावर चिकट कागदाचा तुकडा चारी बाजूंनी अर्धा बोट मोठा कापून लावा. ही जास्तीची कडच पाकिटाला चिकटते, वेगळा डिंक लागत नाही.

एक मात्र सांभाळा. तारीख आधी लिहा, शाई वाळू द्या, मगच चिकट कागद लावा. प्लास्टिकवर बॉलपेन उमटत नाही. शंभर लेबलं आधीच झाकून ठेवली तर ती वाया गेली समजा. लेबलवर पदार्थाचं नाव, काय काय घातलंय, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगला, किंमत, गटाचं नाव-पत्ता, १४ आकडी अन्न नोंदणी क्रमांक आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका असावा. हा कागद पाकिटाच्या बाहेरूनच लावायचा. डब्याच्या आतून लावू नका, त्याचा चिकटा खाण्याला लागायला नको.

आता वह्या. बँकेचं कर्ज देताना गटाची पंचसूत्री बघतात : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवं, लेखे. वही घरोघर फिरते, पिशवीत भाजीसोबत येते, पावसात भिजते. म्हणून कर्ज खातेवही आणि बैठकीच्या वहीच्या पुठ्ठ्याला बाहेरून हा कागद लावा, कोपरे आत दुमडून. आतल्या लिहिलेल्या पानांना हात लावू नका. तिथे सह्या व्हायच्या असतात, तपासणीत खुणा करायच्या असतात.

कुठे लावायचा नाही, हे जास्त लक्षात ठेवा. स्टॅम्प पेपर, जुनं खरेदीखत, मूळ दाखले यांना कधीच नको. एकदा लावला की कागद फाटल्याशिवाय तो निघत नाही. बँकेच्या पासबुकलाही नको, ते छपाईच्या यंत्रात जातं. अशा कागदांना साधी प्लास्टिकची पिशवी बरी. एटीएमची किंवा वजनकाट्याची गुळगुळीत पावती असते ना, तिला तर अजिबात नको. त्या कागदावरची छपाई उष्णतेने उमटवलेली असते आणि चिकट्याने ती उडून जाते. पैसे वाचवायला गेलो आणि पुरावाच गेला, असं व्हायचं. पावतीची झेरॉक्स काढा आणि ती जपा.

लावताना घाई करू नका. सगळा मागचा कागद एकदम सोलला की प्लास्टिक स्वतःलाच चिकटतं. आधी दोन बोटं सोला, तेवढं नीट बसवा. मग एका हाताने मागचा कागद ओढत दुसऱ्या हाताने कोरड्या फडक्याने दाबत जा. फुगा राहिलाच तर सुईने टोचून हवा काढा. स्टीलच्या डब्यावरून जुनं लेबल काढल्यावर चिकटा उरतो, त्याला खोबरेल तेल चोळा आणि थोड्या वेळाने पुसा.

घरात याचे उपयोग तुम्हालाच सुचतील. मसाल्याच्या आणि बियाण्याच्या बरण्यांवरची नावं, फडताळाच्या फळ्या, मुलांचा पाढ्यांचा तक्ता. तक्त्यावर हा कागद लावला तर पांढऱ्या फळ्याच्या पेनाने लिहून पुसताही येतं. (गटाचा हिशेब मात्र असल्या पुसता येणाऱ्या तक्त्यावर नको!) फुलांच्या पाकळ्या, कडुनिंबाची पानं रद्दीत घालून वजनाखाली आठ-दहा दिवस पूर्ण वाळवा आणि दोन चिकट कागदांमध्ये दाबा. दिवाळीच्या आकाशकंदिलाला त्याच्या खिडक्या छान दिसतात. ओली पानं घातली तर आत काळी पडतात. कंदिलात एलईडी बल्बच लावा, पणती नको. शेगडीजवळच्या भिंतीलाही हा कागद लावू नका.

आपल्याकडचा मे महिना तर माहीतच आहे. धाब्याखालच्या तापलेल्या खोलीत ठेवलेल्या रोलचा चिकटा कडेने बाहेर येतो. सावलीत उभा ठेवा. गटात एकच रोल आणून मापाने वाटून घेतला तरी पुरतो. आणि उरलेले तुकडे चुलीत टाकू नका. हे बहुतेक पीव्हीसी असतं, त्याचा धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट. पिशवीत साठवून सुक्या कचऱ्यात द्या.